तुम्ही नेमके कोणाचे? मालमत्ता एजंटाने पाळायचे नियम आणि आचार

कोथरूडमध्ये एक निवृत्त शिक्षक आणि त्यांच्या पत्नी माझ्यामार्फत जुन्या इमारतीतला वन बीएचके घेत होते. विसार द्यायच्या आदल्या दिवशी बाई जिन्यात थांबल्या आणि म्हणाल्या, "एक विचारू? तुम्ही नेमके कोणाचे? आमचे की मालकांचे?" मी "दोघांचाही" म्हणालो आणि पायऱ्या उतरू लागलो.

मालक अजून दीड लाखाने खाली येतील हे मला ठाऊक होते. स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीला दर पावसाळ्यात ओल धरते आणि दिवाळीत तिला रंग मारला जातो, हेही ठाऊक होते. पहिली गोष्ट न सांगणे बरोबर होते, कारण मालकांनी ती विश्वासाने सांगितली होती. दुसरी न सांगणे चूक होती. तेव्हा मला या दोहोंतला फरकच कळत नव्हता, दोन्ही सारख्याच 'धंद्याच्या गोष्टी' वाटायच्या. त्या जोडप्याने पहिल्या पावसाळ्यानंतर पदरचे पैसे घालून ती भिंत दुरुस्त करून घेतली. मला भांडायलाही फोन केला नाही. ते मला आजही लागते.

या व्यवसायात नव्याने येणाऱ्यांसाठी हे लिहितो आहे. घर घेणाऱ्यांनीही वाचावे, म्हणजे आपल्या एजंटकडून काय मागायचे ते कळेल. कायद्याची कलमे जिथे खरोखर उपयोगी पडतात तिथे दिली आहेत. पण सगळ्याच्या मुळाशी त्या बाईंचा प्रश्न आहे.

पहिली पायरी: नोंदणी, आणि ती नसताना काय करायचे नाही

स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम 2016 चा, म्हणजे रेराचा, एजंटांना लागू होणारा भाग 1 मे 2017 पासून अमलात आला. कलम 9 सांगते की रेराखाली नोंदवलेल्या प्रकल्पातले घर, दुकान किंवा प्लॉट विकायला मध्यस्थी करायची तर आधी स्वतःची नोंदणी हवी. महाराष्ट्रात ती महारेराकडे, म्हणजे राज्याच्या रेरा प्राधिकरणाकडे, होते आणि पाच वर्षे चालते. 10 जानेवारी 2023 च्या आदेशाने महारेराने एजंटांना 20 तासांचे प्रशिक्षण, परीक्षा आणि सक्षमता प्रमाणपत्र सक्तीचे केले. पुढे ज्यांनी ते घेतले नाही अशा हजारो जणांची नोंदणी स्थगितही झाली. अनेक जुन्या मंडळींना तेव्हा हा अपमान वाटला. मला वाटला नाही. लोकांच्या आयुष्याची कमाई ज्या कागदांवर फिरते ते कागद आपल्याला वाचता येतात की नाही, हे कोणी तपासले तर त्यात गैर काय?

नोंदणी क्रमांक कार्यालयात ठळक लावायचा आणि जाहिरात, पावती, पत्र अशा प्रत्येक कागदावर छापायचा. एजंटाचा क्रमांक 'ए'ने सुरू होतो, प्रकल्पाचा 'पी'ने. ग्राहकाला हा फरक स्वतःहून सांगा. काही जण प्रकल्पाचा क्रमांक दाखवून 'आम्ही रेरा रजिस्टर्ड' म्हणतात. ती सरळ फसवणूक आहे.

ही नोंदणी त्या राज्यापुरतीच असते. दोडामार्ग-सावंतवाडीकडचा एजंट पेडण्यातल्या प्रकल्पात ग्राहक नेत असेल तर त्याला गोव्याच्या प्राधिकरणाकडे वेगळी नोंदणी करावी लागते. सीमेवरचे बरेच जण हे विसरतात.

भाड्याचे व्यवहार आणि जुन्या इमारतींतली पुनर्विक्री यांना रेराची ही नोंदणी लागत नाही. 'मग तिथे आपल्याला कायदाच नाही' अशी समजूत आहे, आणि ती फार महागात पडते. भारतीय करार अधिनियम 1872 चा अभिकर्त्यांविषयीचा, म्हणजे एजंटांविषयीचा, भाग तिथे लागू असतोच. त्यात 'मालक' म्हणजे ज्याच्या वतीने एजंट काम करतो तो. कलम 213 प्रमाणे तो मागेल तेव्हा हिशेब द्यावा लागतो. कलम 215 सांगते की मालकाच्या नकळत एजंटाने स्वतःसाठीच व्यवहार केला आणि त्यात महत्त्वाची गोष्ट लपवली किंवा मालकाचे नुकसान केले, तर मालक तो व्यवहार नाकारू शकतो. कलम 216 प्रमाणे अशा नकळत केलेल्या व्यवहारातून मिळालेला फायदा मालकाला मागता येतो. आणि कलम 220 म्हणते की कामात गैरवर्तन केलेल्या एजंटाला त्या कामाचा मेहनताना मागण्याचा हक्क नाही. दीडशे वर्षांपूर्वी लिहिलेली ही कलमे आजच्या एखाद्या तक्रारीवरून लिहिल्यासारखी वाटतात.

दुसरी पायरी: आपण कोणाचे, हे कागदावर

आपल्याकडे दोन्ही बाजूंनी दलाली घेण्याची रीत आहे. विक्रीत दोघांकडून एक-दोन टक्के, भाड्यात दोघांकडून साधारण एकेका महिन्याचे भाडे. काही जण म्हणतील की नीतीने वागायचे तर एकाच बाजूचे व्हा. मला ते आपल्या बाजारात व्यवहार्य वाटत नाही. दोन्हीकडून घेणे गैर नाही, मात्र दोघांनाही ते माहीत हवे. ग्राहकाला 'मी तुमचाच माणूस' आणि मालकाला 'मी तुमचाच माणूस' असे वेगवेगळे सांगणे हे गैर आहे.

म्हणून पहिल्या भेटीतच, घर दाखवण्याआधी, एक छोटी चिठ्ठी दोघांना द्या. माझी अशी असते:

"या व्यवहारात मी मालक आणि ग्राहक अशा दोघांसाठी काम करतो आहे. मालकांकडून … टक्के आणि ग्राहकांकडून … टक्के दलाली घेणार आहे. ती … झाल्यावर देय होईल. मालकांची कमीत कमी किंमत ग्राहकांना आणि ग्राहकांची जास्तीत जास्त तयारी मालकांना मी सांगणार नाही. मालमत्तेच्या कागदांतला किंवा बांधकामातला जो दोष मला माहीत आहे, तो मात्र मी कोणापासूनही लपवणार नाही. या मालमत्तेत माझा किंवा माझ्या नातेवाइकांचा दुसरा काही आर्थिक संबंध नाही / पुढीलप्रमाणे आहे: …"

दलाली 'कशावर' देय, ही रिकामी जागा नीट भरा. विसार झाल्यावर, साठेखत (पुढे विक्री करण्याचा करार) नोंदल्यावर की खरेदीखतावर (प्रत्यक्ष विक्रीच्या दस्तावर)? या एका शब्दावरून झालेली भांडणे मी इतर कुठल्याही कारणापेक्षा जास्त पाहिली आहेत. माझा नियम असा की साठेखताची नोंदणी होईपर्यंत एक रुपयाही घ्यायचा नाही. बँकेचे कर्ज नाकारले जाणे, वारसांचा आक्षेप येणे असे प्रकार विसार आणि साठेखत यांच्या मधल्या काळातच होतात.

चिठ्ठीतली दोन वाक्ये पुन्हा वाचा. भाव गुपित राहू शकतो. दोष गुपित राहू शकत नाही. हाच तो जिन्यातला फरक. 'मालक किती खाली येतील?' असे ग्राहकाने विचारले तर मी म्हणतो, "ते मी सांगू शकत नाही, जसे तुमचे बजेट त्यांना सांगत नाही. तुम्ही तुमचा आकडा द्या, मी तो जसाच्या तसा पोचवतो." ग्राहक रागावत नाही. उलट त्याला कळते की त्याची गोष्टही माझ्यापाशी सुरक्षित आहे. मात्र दिलेला प्रत्येक आकडा खरोखर त्याच दिवशी पोचवायचा. जास्त दलाली देणाऱ्या ग्राहकासाठी दुसऱ्याची ऑफर दाबून ठेवणे ही मालकाशी सरळ बेइमानी आहे.

बाजारात एक पद्धत फार मुरली आहे. मालक म्हणतो, "मला साठ लाख हातात द्या, वर काय मिळेल ते तुमचे." ऐकायला सुटसुटीत वाटते. पण एजंट पासष्टला विकतो तेव्हा ग्राहकाला वाटते की तो मालकाला पासष्ट देतो आहे आणि वर एजंटला दलालीही देतो आहे. मालकालाही बाजारभाव कळलेला नसतो. पाच लाख गेले कुठे हे फक्त एका माणसाला ठाऊक असते. असे काम घेऊ नका. मालक आग्रहच धरत असेल तर त्याला खरा बाजारभाव सांगा आणि टक्केवारीवर या.

स्वतःच्या भावाच्या, मेव्हण्याच्या नावावर मालमत्ता घ्यायची असेल तर मालकाला आधी लेखी सांगा आणि दुसऱ्याकडून किंमत काढून घ्या म्हणा. गृहकर्जाच्या एजंटकडून, इंटिरियरवाल्याकडून मिळणारे कमिशनही याच जातीचे. घ्यायचे तर सांगून.

तिसरी पायरी: दाखवण्याआधी कागद वाचा

आपण वकील नाही आणि तसे भासवूही नये. 'टायटल क्लिअर आहे, मी बघितलंय' हे वाक्य एजंटाच्या तोंडी कधीही नको. पण आपण आंधळेही नाही. ग्राहकाला घेऊन जाण्याआधी मुख्य कागद डोळ्यांखालून घालणे आणि जे खटकले ते सांगणे हे आपले काम आहे.

नव्या प्रकल्पासाठी महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचे पान उघडा. मंजूर नकाशे, बांधकाम परवानगी, जमिनीवरचा बोजा, चालू दावे, पूर्ण करण्याची तारीख आणि ती किती वेळा वाढवली, हे सगळे तिथे असते. ग्राहकाला ते पान स्वतःच्या फोनवर उघडायला शिकवा. कलम 10 प्रमाणे, बुकिंगच्या वेळी ग्राहकाला जी माहिती आणि कागद मिळण्याचा हक्क आहे ती त्याच्या हाती पडेल हे पाहणे एजंटाची जबाबदारी आहे. 'ते बिल्डरचे काम' म्हणून सुटता येत नाही. बिल्डर म्हणाला की 'आपल्याला रेरा लागतच नाही', तर का लागत नाही ते कागदावर विचारा. जमीन 500 चौरस मीटरपर्यंत असेल किंवा एकूण सदनिका आठपर्यंत असतील तर सूट आहे. तोंडी उत्तरावर विश्वास ठेवू नका.

जुन्या फ्लॅटसाठी आधीच्या सर्व खरेद्यांची साखळी आणि इंडेक्स टू (नोंदवलेल्या दस्ताचा सरकारी गोषवारा), सोसायटीचे शेअर सर्टिफिकेट, भोगवटा प्रमाणपत्र (इमारत वापरायला योग्य असल्याचा दाखला), सोसायटीचे येणे-बाकी, कर्ज असेल तर बँकेचे पत्र, एवढे पहा. भोगवटा प्रमाणपत्र नसलेल्या इमारती आपल्या शहरांत पुष्कळ आहेत आणि त्यातली घरे विकलीही जातात. विकायला हरकत नाही, पण ग्राहकाला पहिल्याच भेटीत सांगून. मालक वारले असतील तर फक्त नॉमिनीचे नाव पाहून पुढे जाऊ नका, सगळे वारस कोण ते विचारा.

जमिनीच्या बाबतीत मात्र थांबून बोलावे लागेल, कारण सर्वात जास्त माणसे इथे बुडतात. सातबारा हा मुळात महसुलाचा अभिलेख आहे. त्यावर नाव आहे म्हणजे मालकी निर्विवाद सिद्ध झाली असे होत नाही. फेरफार, म्हणजे हक्क बदलल्याच्या नोंदी, मागे मागे जाऊन वाचा. 'इतर हक्क' या रकान्यात बँकेचा बोजा, कुळाचे नाव, बहिणींची नावे बसलेली असतात. 2005 च्या दुरुस्तीनंतर हिंदू कुटुंबातल्या मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांइतकाच हक्क आहे. मुळशीकडच्या एका व्यवहारात तीन भाऊ माझ्यासमोर बसले होते, सह्या करायला तयार. मी विचारले, बहिणी किती? उत्तर यायला वेळ लागला. दोन होत्या, हक्कसोडपत्र कोणाचेच नव्हते. "त्या काही म्हणणार नाहीत," थोरले म्हणाले. "मग त्यांना सही करायला बोलवा," एवढेच मी म्हणालो. व्यवहार माझ्या हातून गेला. दुसऱ्या कोणी केला असेल तर त्यात राहिलेली बहीण आज ना उद्या कोर्टात उभी राहणार, आणि प्लॉट घेणारा बिचारा प्रतिवादी होणार.

भोगवटादार वर्ग 2 ची, म्हणजे हस्तांतरणावर निर्बंध असलेली, जमीन शासनाच्या पूर्वपरवानगीशिवाय विकता येत नाही. आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासीला घेण्यावर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 36 अ चे कडक निर्बंध आहेत. शेतकरी नसलेल्याला शेतजमीन विकण्यास कूळकायद्याचे कलम 63 आड येते. आयटीतल्या मुलाला 'वीकेंड होमसाठी अकरा गुंठे शेती' विकताना हे माहीत नसणे अक्षम्य आहे, आणि माहीत असून गप्प राहणे त्याहून वाईट. 'नंतर एनए (बिगरशेती) होईल' हे वाक्य आदेशाची प्रत हातात असल्याशिवाय उच्चारू नका.

ग्राहकाला वकिलाकडे पाठवा, सर्च रिपोर्ट (मालकीच्या जुन्या नोंदी तपासून दिलेला अहवाल) काढायला सांगा. त्याने स्वतः निवडलेला वकील सर्वात चांगला. तुम्ही नाव सुचवणार असाल तर दोन-तीन सुचवा, आणि मालकाच्याच वकिलाचे नाव ग्राहकाला देऊ नका.

चौथी पायरी: जाहिरात आणि शब्द

1 ऑगस्ट 2023 पासून महाराष्ट्रात प्रकल्पाच्या जाहिरातीत महारेरा क्रमांकासोबत क्यूआर कोडही द्यावा लागतो. व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलेले चित्र हीसुद्धा जाहिरातच आहे. स्टेटसवर टाकताना क्रमांक कापला जाऊ देऊ नका.

क्षेत्रफळ नेहमी कार्पेटमध्ये सांगा. रेरातली व्याख्या स्पष्ट आहे: आतल्या भिंती धरून वापरता येणारी जागा. बाहेरच्या भिंती, डक्ट, बाल्कनी आणि उघडी गच्ची वगळून. 'सेलेबल'चा खेळ आकड्यांत दाखवतो. कार्पेट 650 चौरस फूट, त्यावर 40 टक्के लोडिंग (जिना-लिफ्टसारख्या सामाईक जागेपोटी वाढवलेला आकडा), म्हणजे सेलेबल 910. दर 8,000 रुपये सांगितला की स्वस्त वाटतो. एकूण झाले 72 लाख 80 हजार. त्याला 650 ने भागा, कार्पेटचा खरा दर 11,200 निघतो. ग्राहक दोन प्रकल्पांची तुलना करतो तेव्हा त्याला हाच आकडा हवा असतो. तो त्याला कागदावर लिहून द्या. सोबत पूर्ण रक्कमही: मुद्रांक शुल्क, नोंदणी फी, जीएसटी लागू असेल तर तो, सोसायटीचे आगाऊ पैसे आणि तुमची दलाली.

'स्टेशनपासून पाच मिनिटे' लिहायचे तर एकदा स्वतः चालून पहा. विकले गेलेले घर फोन यावेत म्हणून पोर्टलवर ठेवू नका. 'शेवटचे दोनच फ्लॅट' तेव्हाच म्हणा जेव्हा खरोखर दोनच आहेत. नमुना फ्लॅटचे फोटो 'हेच घर' म्हणून पाठवू नका. समोरच्या मोकळ्या जागेवर इमारत येणार आहे हे विकास आराखड्यात दिसत असेल, तर 'कायम ओपन व्ह्यू' हे खोटे आहे, मग ते तुम्ही म्हणा की विक्री कार्यालयातला मुलगा.

आता प्री-लाँच. कलम 3 प्रमाणे नोंदणीआधी प्रकल्पाची जाहिरात, बुकिंग, विक्री काहीच करता येत नाही. तरीही 'इंटरेस्ट दाखवा, चेक द्या, लाँचला दर वाढणार' हा प्रकार चालतो, आणि चेक गोळा करायला एजंट पुढे केले जातात. यात एजंटाची जोखीम मोजून पहा. 80 लाखांच्या फ्लॅटवर दोन टक्क्यांनी तुम्हाला 1 लाख 60 हजार मिळतील. कलम 62 प्रमाणे कलम 9 किंवा 10 मोडल्यास दिवसाला 10,000 रुपये दंड आहे, आणि तो मालमत्तेच्या किमतीच्या पाच टक्क्यांपर्यंत, म्हणजे 4 लाखांपर्यंत जाऊ शकतो. चाळीस दिवसांत तिथे पोचतो. आणि ज्याचा चेक अडकला तो तुमचा शेजारी, तुमच्या मुलाच्या शाळेतल्या मित्राचे वडील असतो. मोठ्या कंपनीचे कार्यालय त्याला सापडत नाही, तुमचे घर सापडते.

पाचवी पायरी: पैसा आपल्या हातातून जाऊ देऊ नका

टोकन, विसार, डिपॉझिट यातले काहीही स्वतःच्या खात्यावर घेऊ नका. 'मालक गावाला आहेत, माझ्याकडे ठेवा' यातून चांगली माणसेसुद्धा अडकतात. पैसे मालकाच्या खात्यावर जाऊ द्या, आणि विसार पावतीवर परतीची अट लिहा: कर्ज नामंजूर झाले तर काय, कागदांत दोष निघाला तर काय, किती दिवसांत परत. नव्या प्रकल्पात साठेखत नोंदवण्याआधी किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त घेण्यास कलम 13 ची मनाई आहे. विक्री कार्यालय वीस टक्के मागत असेल तर ग्राहकाच्या वतीने 'नाही' म्हणणारा माणूस तुम्ही असायला हवे.

रोखीविषयी एजंटांना सल्ला विचारला जातो: "किती व्हाइट, किती कॅश?" माझे उत्तर एकच, मी त्या बैठकीत बसत नाही. जून 2015 पासून मालमत्तेच्या व्यवहारात 20,000 रुपये किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने घेण्यावर आयकर कायद्याची बंदी आहे, आणि घेणाऱ्याला तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो. ज्या एजंटाची वर्षाची उलाढाल 20 लाख किंवा त्याहून जास्त आहे तो डिसेंबर 2020 पासून मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायद्याच्या कक्षेतही आला आहे. ग्राहकाची ओळख तपासणे आणि व्यवहाराची नोंद ठेवणे त्याला बंधनकारक आहे. रोखीचे व्यवहार सोडल्याने माझी कामे कमी झाली, हे मान्य करतो. तरीही सोडा असेच सांगेन.

किंमत 50 लाख किंवा अधिक असेल तर घेणाऱ्याने एक टक्का टीडीएस कापून भरायचा असतो, हे त्याला साठेखताआधीच सांगा. मालक परदेशी राहत असतील तर जास्त सांभाळा. अमेरिकेत, दुबईत स्थायिक झालेल्या मुलांच्या नावावरची कितीतरी घरे आज विक्रीला आहेत. अनिवासी मालकासाठी कपातीचा दर आणि पद्धत दोन्ही वेगळी असतात. नेहमीसारखा एक टक्का कापला तर उरलेली जबाबदारी घेणाऱ्याच्या गळ्यात पडते. त्याला सीएकडे पाठवा. कुलमुखत्यारपत्रावर सही होत असेल तर ते अजून चालू आहे का, हे त्या मालकाशी व्हिडिओवर बोलून खात्री करा.

सहावी पायरी: भाड्याची घरे, जिथे आपली खरी परीक्षा होते

अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही, हा समज अजून आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम 1999 च्या कलम 55 प्रमाणे मुदत कितीही असो, करार लेखी आणि नोंदणीकृत हवा. नोंदवण्याची जबाबदारी मालकाची असते. नोंदवला नसेल तर वादात अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. मालकाला हे सांगितले की तो स्वतःहून नोंदवायला तयार होतो.

दर अकरा महिन्यांनी, तोच भाडेकरू, तेच घर, आणि पुन्हा महिनाभराची दलाली, हे मला पटत नाही. नव्याने करार करून देण्याचे कष्ट झाले असतील तर त्याचे पैसे घ्या, आधी ठरवून.

दुसरी गोष्ट बोलायला जड आहे. "अमुक धर्माचे नकोत", "कुठल्या समाजाचे आहेत ते विचारून घ्या", "एकटी मुलगी नको." मालक असे सांगतात आणि आपण ते फोनवर गाळणीसारखे पुढे चालवतो. आडनाव ऐकून "ते घर गेलं" असे खोटे सांगणारे एजंट मी पाहिले आहेत, आणि सुरुवातीच्या काळात मी स्वतः तसे बोललो आहे. मालक म्हणाले म्हणून आपण सुटत नाही, खोटे आपल्या तोंडून जाते. आता मी मालकाला विचारतो: भाडे वेळेवर येईल का, किती माणसे राहतील, आधीच्या घरमालकाचे काय मत आहे? या तीन प्रश्नांची उत्तरे मी आणून देतो. जात-धर्म मी विचारत नाही आणि जाहिरातीत लिहीत नाही. दोन-तीन मालकांनी किल्ली परत मागितली. बाकीच्यांनी माणूस समोर भेटल्यावर घर दिले.

किल्ली हीसुद्धा विश्वासाचीच वस्तू. भाडेकरू राहत असताना त्याला न विचारता दार उघडायचे नाही. भाडेकरूच्या खोलीचे, त्याच्या सामानासकट फोटो टाकायचे नाहीत. घर शोधणाऱ्या मुलींचे नंबर ग्रुपवर पुढे पाठवायचे नाहीत. आधार, पॅनच्या प्रती फोनच्या गॅलरीत पडून असतात. काम झाले की ज्या ठेवणे बंधनकारक नाही त्या काढून टाका.

सातवी पायरी: चूक झाली तर

इतर एजंटांबद्दल थोडक्यात. दुसऱ्याने दाखवलेल्या घरात त्याला डावलून थेट मालकाकडे जाणे, पार्टी फोडणे, हे टाळा. वाटणी आधी ठरवा, फोनवर नव्हे, मेसेजवर लिहून.

आणि चूक आपलीच निघाली तर? जी ओल तुम्ही सांगायला विसरलात ती विसार झाल्यावर लक्षात आली, तर त्याच दिवशी फोन करा. ग्राहक माघार घेईल ही भीती असतेच. घेऊ द्या. मी असे चारदा केले आहे. एकदा व्यवहार मोडला, तीनदा किमतीत थोडी सूट ठरून पुढे गेला.

तक्रारीसाठी ग्राहकाला वाट माहीत हवी आणि ती तुम्हीच सांगायला हवी. नोंदणीकृत प्रकल्पाच्या व्यवहारात कलम 31 प्रमाणे बिल्डरविरुद्ध जशी, तशी एजंटाविरुद्धही महारेराकडे तक्रार करता येते. माझ्या चिठ्ठीच्या मागच्या बाजूला महारेराच्या संकेतस्थळाचा पत्ता छापलेला आहे. सुरुवातीला मित्र म्हणाले, स्वतःविरुद्धचा रस्ता कशाला दाखवतोस? पण ज्याला तो दिसतो तो ग्राहक आधी मलाच फोन करतो.

प्रत्येक व्यवहाराची एक फाइल ठेवा: चिठ्ठीची सही केलेली प्रत, कोणता आकडा कोणाला कोणत्या तारखेला सांगितला, कोणता दोष कोणत्या मेसेजने कळवला, कोणते कागद कोणाला दिले. आणि ताब्याच्या दिवशी हजर राहा. वीज आणि पाण्याच्या मीटरचे आकडे फोटोत घ्या, गॅसची नोंद करा, किल्ल्या मोजा, भिंतींचे फोटो दोघांसमोर काढा. मग तुमच्या दलालीच्या दोन पावत्या करा, एक मालकांची, एक ग्राहकांची, आणि दोघांनाही दोन्ही दाखवा.